फ्लोराच्या मागावरची शाल

येवल्याला परत आल्यापासून जो भेटतो तो मला एकच विचारतो, "जेरुसलेम पाहिलंत ना? मृत समुद्रात तरंगलात ना?" जेरुसलेम मी अर्ध्या दिवसात पाहिलं. मृत समुद्राचं पाणी डोळ्यांत गेलं, त्यामुळे तरंगण्याऐवजी मी किंचाळलेच. त्या दोन्हींची वर्णनं इतरांनी पुष्कळ करून ठेवली आहेत. मी इस्रायलमध्ये होते तो बहुतेक काळ येरुहाम नावाच्या एका लहानशा गावात, दुसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत, मागावर बसून काढला. त्याचंच सांगणार आहे. विणकर बाईनं परदेशात जाऊन आणखी काय बघायचं?

आमच्या घरी पैठणीचे माग आहेत. सासरे बसायचे, नवरा बसायचा, आता मी आणि सून बसतो. लग्नाआधी मी मुंबईच्या सरकारी विणकाम वर्गात शिकले. तिथे माझ्या बाकावर फ्लोरा होती. ती अलिबागकडची, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी बोलणारी यहुदी. तिच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असे, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत, हे तिनं मला पहिल्याच आठवड्यात अभिमानानं सांगितलं होतं. पुढे लग्न करून ती इस्रायलला गेली आणि वाळवंटातल्या या गावात एका कारखान्यात कामाला लागली. विणकाम सुटलं ते सुटलंच. रिटायर झाल्यावर मात्र तिनं एका सुताराच्या मागे लागून लाकडी माग करवून घेतला.

१९९९ सालची दिवाळी नुकती उरकली होती. फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे होते, तेवढ्यात तिचा फोन आला.

"पुष्पे, माझा हात मोडला गो. न्हाणीत पडले. नातवाचं लगीन आलं नि शाल मागावर अर्धीच हाय. तू येशील काय?"

मी म्हटलं, "येते. तोवर मागाला कोणाला हात लावू देऊ नकोस."

सुनेवर घर आणि माग सोपवून मी निघाले.

येरुहाम

बेरशेवाहून येरुहामला बस जाते. बसमध्ये निम्मी गर्दी सैनिकांची होती, आमच्याकडच्या कॉलेजात शोभतील अशा वयाच्या मुली आणि मुलं. मांडीवर बंदूक आणि तोंड उघडं टाकून गाढ झोप. बाहेर मातकट टेकड्या, एखादा बकऱ्यांचा कळप, पत्र्याच्या चार झोपड्या, पुन्हा टेकड्या. आमच्या येवल्याकडेही पाऊस बेताचाच, पण त्या टेकड्या बघून मला आमचं गाव हिरवंगार वाटायला लागलं. गावात शिरल्यावर रस्त्याच्या कडेला झाडं दिसली. प्रत्येक बुंध्याशी एकेक बारीक काळी नळी, सलाईन लावलेल्या पेशंटसारखी.

फ्लोरा स्टॉपवर उभी होती. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, केस पांढरे, अंगात फुलाफुलांचा झगा. मला बघून तिनं पहिलं वाक्य टाकलं ते असं, "काय जाडी झालीस गो बाय!" इतक्या वर्षांनी भेटून ही बाई बदललेली नाही हे कळलं आणि मला फार बरं वाटलं.

तिचं मराठी ऐकून मजा वाटायची. आम्ही केव्हाच सोडून दिलेले शब्द तिच्या तोंडी ताजे होते. ब्लॉक, टाइमपीस, फर्स्ट क्लास असे मुंबईचे शब्द ती सहज बोलायची. दवाखाना, बँक, सैन्य यांचं बोलणं आलं की हिब्रू सुरू व्हायचं. तिचा नातू एतान तर तिच्या प्रत्येक मराठी वाक्याला हिब्रूतूनच उत्तर द्यायचा. तो किर्यात गात या गावी कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात नोकरीला आणि आठवड्याच्या शेवटी आजीकडे यायचा. त्याचे आईवडील किर्यात मलाखीला, दोघं पाळीच्या कामावर. म्हणून पोर आजीनंच वाढवलेलं.

मागच्या खोलीत माग होता. अंगावरची धूळ झटकायच्या आधी मी तिथं गेले. तालीत विणायला घेतली होती. तालीत म्हणजे यहुदी पुरुष प्रार्थनेच्या वेळी खांद्यावर घेतात ती शाल. पांढरी, टोकांना गडद पट्टे, चारी कोपऱ्यांना गाठी मारलेले गोंडे. लग्नाच्या मांडवात नवरा मुलगा नवी कोरी तालीत पांघरतो. फ्लोरानं ताणा, म्हणजे उभे धागे, लोकरीचा लावला होता, आडवा बाणाही लोकरीचा, आणि विणकाम इतकं एकसारखं होतं की मला क्षणभर हेवा वाटला. इतकी वर्षं कारखान्यात घालवूनही तिच्या हातातलं गेलं नव्हतं.

"बरी हाय काय?" तिनं विचारलं.

"बरी आहे. मी पुढे आणखी बरी करते," मी म्हटलं. तेव्हा मी हे अगदी मनापासून म्हटलं होतं.

बेरशेवाचा बाजार

दोन दिवसांत माझी पंचाईत झाली. पैठणीवर आम्ही बाणा आवळून घेतो. रेशीम ते सोसतं, लोकर सोसत नाही. मी बाण्याचा धोटा टाकायची, सवयीनं हात आवळायचा, आणि दोन्ही काठांच्या उभ्या तारा मागाच्या फणीत घासून पटापट तुटायच्या. तुटली की गाठ, गाठ की पुन्हा तुटली. असल्या चिंध्या मी आयुष्यात विणल्या नव्हत्या. फ्लोराला मी यातलं काही बोलले नाही. ती सकाळपासून लग्नाच्या धावपळीत आणि एका हातानं चपात्या लाटण्याच्या झटापटीत होती.

गुरुवारी तिला प्लास्टर दाखवायला बेरशेवाला जायचं होतं. तिला दवाखान्यात बसवून मी बाजारात गेले. गुरुवारी तिथं वाळवंटात राहणाऱ्या बदावी अरबांचा बाजार भरतो. एक काळ्या कपड्यातली बाई जमिनीवर विणलेल्या पट्ट्या मांडून बसली होती. लाल, काळ्या, करड्या, जाड लोकरीच्या. मी एक उलटी करून मागची बाजू बघितली. तिनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. गिऱ्हाईक पुढची बाजू बघतं, मागची बाजू विणकरच बघतो. मग तिनं स्वतःच्या गुडघ्यापुढं हात आडवे नेऊन दाखवलं की तिचा माग जमिनीवर खुंट्या ठोकून आडवा असतो. मी पाय खाली सोडून दाखवलं की आमचा खड्ड्यात. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि तरी आम्ही बराच वेळ बोललो. तिनं मला थर्मासमधला गोड चहा पाजला. घासाघीस करायची राहूनच गेली.

परतताना कातडी कामाच्या सामानाचं एक दुकान लागलं आणि तिथे मला हवं ते मिळालं: जवसाचा, म्हणजे लिननचा, पांढरट, गुळगुळीत आणि कमालीचा मजबूत धागा. दुपारी फ्लोरा झोपली तशी मी दोन्ही काठांच्या तुटक्या तारा काढल्या, त्यांच्या जागी लिनन ओढून घेतला आणि विणायला बसले. काय सांगू! काठ सुरीनं कापल्यासारखा सरळ. संध्याकाळपर्यंत हातभर कापड पुढं सरकलं. त्या रात्री मी माशाचं कालवण दोनदा मागून घेतलं.

शुक्रवार

शुक्रवारी दुपारी व्याही आले. म्हणजे एतानच्या होणाऱ्या बायकोचे वडील, शिमोन. मूळचे मोरोक्कोचे, बेरशेवाच्या बसचे ड्रायव्हर, दोन गल्ल्या सोडून राहणारे. डोक्यावर विणलेली गोल टोपी, हातात मखमली पिशवी. फ्लोरानं त्यांना कौतुकानं मागापाशी नेलं. त्यांनी कापडावरून हात फिरवला, मान डोलावली, आणि काठाशी त्यांची बोटं थांबली. त्यांचे वडील मोरोक्कोत शिंपी होते, हे मला नंतर कळलं. त्यांनी फ्लोराला काहीतरी विचारलं.

"हा धागा कसला म्हणून पुसतात," फ्लोरा म्हणाली.

"लिनन!" मी ऐटीत सांगितलं. "सांग त्यांना, लोकर तुटेल पण हा तुटायचा नाही."

फ्लोरानं हिब्रूत सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली.

शिमोन हळूच एकच शब्द बोलले. शातनेझ. लोकर आणि जवसाचा धागा एका वस्त्रात एकत्र आणून ते अंगावर घ्यायचं नाही, अशी त्यांच्या धर्मात सक्त मनाई आहे. लोकर चालते, लिनन चालतो, दोन्ही मिळून नाही. मांसाबरोबर दही खायचं नाही हे मला पहिल्याच जेवणाला कळलं होतं, कारण फ्लोरानं माझ्या हातातली वाटीच काढून घेतली होती. सुतालाही सोवळंओवळं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि जगातल्या सगळ्या कपड्यांत मी ते नेमकं प्रार्थनेच्या शालीत घालून बसले होते!

शिमोन भला माणूस. त्यांनी फ्लोराला समजावलं, काळजी करू नका, आमच्यात नवऱ्या मुलाला तालीत मुलीकडचेच देतात, मी आणलीच आहे. असं म्हणून त्यांनी मखमली पिशवीतून एक दुकानातली तालीत काढली. झुळझुळीत, गळ्याशी चंदेरी पट्टी. मानपानाची भानगड आपल्याकडेच असते असं मी समजत होते. फ्लोरानं हसून ती घेतली, चहा केला, चहाबरोबर चकल्या दिल्या. ते गेल्यावर ती माझ्याकडे पाठ करून एका हातानं कपबशा विसळत राहिली. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"आत्ता काढते," मी म्हटलं. "सगळ्या तारा काढते."

"आता नाय. सूर्य गेला. शब्बाथ लागला."

शनिवार

शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतची सुट्टी, तेव्हा विणायचं नाही हे मी धरूनच होते. पण उसवायचंही नाही! कापडातली तार कापडातून वेगळी करणं हेही काम आणि तेही बंद. सगळं गाव शांत. बस नाही, दुकान नाही, टीव्हीचा आवाज नाही. मी मागासमोर हात बांधून बसले, चूक माझ्याकडे बघतेय आणि मी चुकीकडे. शनवार तेल्यांच्या सुट्टीचं मुंबईत मला फार कौतुक वाटायचं. त्या दिवशी नाही वाटलं.

दुपारी फ्लोरा मला गावाबाहेरच्या तळ्यावर फिरायला घेऊन गेली. धरणाचं पाणी, काठाला बोरू, पोरंबाळं घेऊन आलेली कुटुंबं. आम्ही बाकावर बसलो.

"मला आधी सांगायचं नाहीस का?" मी म्हटलं. चूक माझी असली की मी आधी दुसऱ्याला रागावते.

"काय सांगणार? आपल्याला जे रोजचं असतं ते सांगायचं सुचत नाय गो." "राहू दे आता. शिमोनची तालीत चांगली हाय."

"ती दुकानातली आहे."

"मग काय झालं? पोराच्या अंगावर तालीत असल्याशी मतलब."

"फ्लोरे, खरं बोल."

तेव्हा ती बोलली. "मी वाढवला त्याला. माझ्या मराठीला तो हिब्रूत जवाब देतो. माझं कालवण त्याला तिखट लागतं. आमची गाणी त्याला येत नाय. आता तो नवं घर करणार. त्या घरात माझं काय जाणार, सांग! भिंतीवरचा फोटो? म्हणून मी ही शाल काढली. दर शब्बाथला अंगावर घेईल. मी मेल्यावर पण घेईल. तेवढंच एक माझ्या हातचं." आणि मग ती चक्क रडली, त्या सगळ्या लोकांसमोर, प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून.

पण मी रडले नाही, कारण मला त्या वेळी स्वतःचा भयंकर राग आला होता आणि राग आला की माझी बुद्धी चालते. तारा काठाच्या होत्या. काठाची तार बदलता येते. बोथट सुई घ्यायची, लिननची तार ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं, बाण्याच्या एकावरून एकाखालून, लोकरीची तार न्यायची, आणि मग जुनी हलके ओढून काढायची. पैठणीच्या पदरात चुकलेली तार मी अशी कित्येकदा बदलली आहे. मी फ्लोराला म्हटलं, "तुझी शाल तुझ्या नातवाच्या नव्या घरी जाणार. मी सांगते ना!"

आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो. फ्लोरा गॅलरीत उभी राहून आकाश बघत होती आणि मी आत सुया बोथट करत होते. "दिसले!" असं ती ओरडली तशी आम्ही दिवा लावून बसलो.

ते काम किती किचकट होतं हे विणकरालाच कळेल. ती डाव्या हातानं काठ ताणून धरायची, मी सुई चालवायची. लिनन कापडातून निघताना करकर वाजायचा. रविवारी तिथे शाळा, कचेऱ्या, सगळं सुरू होतं. शेजारणी येऊन डोकावून जायच्या, हिब्रूत, मराठीत सल्ले द्यायच्या. एकीनं मला सांगितलं की विणकाम हे डोळ्यांना वाईट असतं. लिननची शेवटची तार निघाली तेव्हा फ्लोरानं ती मेणबत्तीवर जाळली आणि राख सिंकमध्ये सोडली.

उरलेलं विणायचं होतं, आणि माझा हात तर आवळाच. तो सुधारायचं वय गेलं. मग आम्ही दोघी एकाच फळीवर बसलो. उजवीकडून मी धोटा टाकायची, डावीकडे ती डाव्या हातानं झेलायची आणि बाणा सैल सोडून, लाडानं, काठाशी आणायची. परत टाकायची. मी फणी ठोकायची. असं विणताना मी कोणाला पाहिलेलं नाही, आणि आमच्या मास्तरांनी पाहिलं असतं तर दोघींना वर्गाबाहेर काढलं असतं. पण एकही तार तुटली नाही. मध्येच फ्लोरा वर्गातल्या कोणाची तरी नक्कल करायची आणि हसून हसून माझा पाय चुकायचा.

कापड मागावरून उतरलं तशी फ्लोरा ते घेऊन सरळ शिमोनकडे गेली. मीही गेले. त्यांनी खिशातून भिंग काढलं, काठाची प्रत्येक तार बघितली. टोकाची एक तार तोडून लायटरवर धरली. जळक्या केसांचा वास आला. लिनन जळताना कागदासारखा वास येतो, लोकर जळताना केसासारखा. त्यांनी मान डोलावली. मग टेबल पुसलं, पांढरे दोरे काढले आणि चारी कोपऱ्यांना गोंडे बांधायला बसले. प्रत्येक वेढ्याला ओठ हलत होते.

पण अंगावर कोणती घ्यायची, त्यांची की हिची, याबद्दल ते काही बोलले नाहीत. परत येताना मी म्हटलं, "विचारू का?"

"खबरदार! पोराला ठरवू दे. मागून घेतलेलं नको मला."

मेंदीच्या दिवशी दोन्हीकडच्या बायका जमल्या. मोरोक्कोच्या बायका तळहातावर मेंदीचा गोळाच थापतात आणि वर फडकं बांधतात. आमच्याकडची नक्षी बघून त्यांनी हात पुढे केले, आणि मी सगळ्यांना मोर काढून दिले. पैठणीवरचा मोर मी झोपेतही काढते. एतान येऊन बसला, आजीनं त्याच्या बोटाला मेंदी लावली, तो तिच्याशी हिब्रूत काहीतरी बोलून हसला. मी त्याचा चेहरा वाचायचा खूप प्रयत्न केला. काही कळलं नाही.

पुढच्या मंगळवारी बेरशेवाच्या हॉलमध्ये लग्न लागलं. मी माझी बांगडीमोर पैठणी नेसले होते आणि निम्मं वऱ्हाड माझ्याभोवती होतं, हे सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही. फ्लोराचं मात्र कशात लक्ष नव्हतं. मांडवाखाली एका टेबलावर द्राक्षारसाचा पेला होता आणि त्याच्या शेजारी दोन घड्या. एक चंदेरी पट्टीची, एक आमची.

एतान पुढे आला. त्यानं चंदेरी पट्टीची उचलली, उलगडली. फ्लोरानं माझ्या दंडाला धरलं, तिची नखं रुतली. मी मनात त्याला नाही नाही ते बोलले. एतान वळला, शिमोनपाशी गेला आणि ती शाल त्यानं सासऱ्याच्या खांद्यांवर पांघरली, आपण सत्काराला पांघरतो तशी, दोन्ही टोकं नीट पुढे घेऊन. त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं. शिमोननी जावयाला छातीशी धरलं. एतान टेबलाकडे आला. आजीची शाल त्यानं दोन्ही हातांनी उचलली, आशीर्वाद म्हणाला, आणि पांघरली. मग एक बाजू उचलून नवरीच्या डोक्यावरून घेतली. दोघं त्या शालीत उभी राहिली.

फ्लोरानं माझा दंड सोडला. "काठ सरळ पडलाय," ती म्हणाली.

मग गाणी, ढोल, नाच. एतानला पोरांनी खांद्यावर घेतलं. तालीत काढून ठेवतील असं मला वाटलं होतं, पण त्यानं काढली नाही. घामानं निथळत, हात वर करून तो नाचत होता, आणि कोणाचा तरी पेला हिंदकळला. लाल द्राक्षारस सरळ शालीवर, छातीपाशी. आम्ही विणतो त्या पैठण्या लोक मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवतात, वर्षाकाठी एकदा उन्हात धरतात, त्या घडीवर विरून जातात, पण लोक डाग पडू देत नाहीत. मी उठलेच. "अगं, डाग! मीठ कुठे आहे? त्याला काढायला सांग ती!"

फ्लोरानं मला पदराला धरून खाली बसवलं.

"मळू दे गो," ती म्हणाली. "मळायलाच विणली."